बालकांच्या घराची संचालिका : डॉ. मारिया माँटेसरी

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की आमच्या धर्मग्रामांतील तरुण आईवडिलांची एकच धावपळ सुरू होते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, भाजी घेताना, लोकलच्या गर्दीत, सगळीकडे चर्चा एकच. अडीच-तीन वर्षांच्या लेकराला कोणत्या बालवाडीत घालावे? फी किती? गणवेश कसा? इंग्रजी बोलायला केव्हापासून शिकवतात? आणि या साऱ्या विचारपुशीच्या शेवटी, जरा आवाज खाली घेऊन, एखादी आई हळूच विचारते, तिथल्या टीचर कशा आहेत गं? मारत-ओरडत नाहीत ना? वास्तविक तिच्या मनात पहिल्यापासून हाच प्रश्न असतो. इमारत, गणवेश आणि इंग्रजी ही सारी त्यावरची पांघरुणे होत.

या प्रश्नाचा विचार ज्या स्त्रीने आयुष्यभर केला, तिचे नाव आपल्याकडे शाळांच्या पाट्यांवर इतक्या ठिकाणी रंगवलेले आहे की ते एका हाडामांसाच्या बाईचे नाव आहे, याचाच विसर पडावा. ‘माँटेसरी’ म्हणजे लहान मुलांचा वर्ग, असा आपला सरळ हिशेब. म्हणून या वेळी आम्ही वाचकांपुढे डॉ. मारिया माँटेसरी यांचे जीवन ठेवीत आहोत. त्या आपल्या कॅथोलिक परंपरेत वाढल्या आणि त्याच परंपरेत विसावल्या. आपल्या देशातही त्या वर्षानुवर्षे राहिल्या. इतकेच नव्हे, तर त्यांच्या आयुष्यातील एका मोठ्या काळजीचा संबंध आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगरशी आहे.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले या गावी झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पोपमहोदयांची ऐहिक सत्ता संपुष्टात आली. अशा धामधुमीच्या काळातले हे अपत्य. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकर, शिस्तीचे, जुन्या वळणाचे. आई रेनिल्डे वाचनाची आवड असलेली, श्रद्धाळू आणि मुलीच्या बाबतीत त्या काळच्या मानाने फारच धीट. १८७५ साली हे कुटुंब रोमला आले. मुलीने शिकून फार तर शिक्षिका व्हावे, अशी वडिलांची इच्छा. मुलीला मात्र नेमके तेच नको होते. तिने मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला, इंजिनिअर होण्याचे स्वप्न पाहिले आणि पुढे सर्वांना थक्क करून वैद्यकशास्त्राकडे वळली. जी स्त्री पुढे साऱ्या जगाच्या शिक्षिकांची शिक्षिका ठरली, तिने तरुणपणी शिक्षिका होण्याचेच नाकारले होते, ही गंमत आम्हांला नोंदवावीशी वाटते.

वैद्यकीय महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांसमवेत मुलीने शवविच्छेदन करणे हे तेव्हा अशोभनीय मानले जाई. त्यामुळे मारियाला ते काम इतर सारे घरी गेल्यावर संध्याकाळच्या वेळी एकटीने करावे लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिली स्त्री डॉक्टर असे त्यांच्याविषयी पुष्कळ ठिकाणी छापून येते. ते खरे नाही. त्यांच्याआधीही इटलीत स्त्रिया डॉक्टर झाल्या होत्या. पण त्या अगदी मोजक्या आणि ही त्यांच्यापैकीच एक.

रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मतिमंद मुले दिसली. जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेल्या पावाच्या चुऱ्यावर झडप घालीत. सांभाळणाऱ्या बाईला तो ओंगळ खादाडपणा वाटे. डॉ. माँटेसरींनी खोलीभर नजर फिरवली. त्या रिकाम्या खोलीत हातात धरण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांच्या हातांना काहीतरी हवे होते, म्हणून त्यांनी चुरा वेचला होता. एकाच दृश्याकडे पाहण्याच्या या दोन नजरा. पुढच्या पन्नास वर्षांचे त्यांचे कार्य या दुसऱ्या नजरेतून उभे राहिले. इटार आणि सेग्वां या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले, स्वतःच्या हाताने उतरवून काढले. १९०० साली सुरू झालेल्या रोमच्या एका विशेष शाळेत त्यांनी अशा मुलांना शिकवले आणि त्यांतील काही मुले सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. डॉ. माँटेसरी मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. मंद मानलेली मुले जर एवढी मजल मारतात, तर धडधाकट मुले आपल्या शाळांतून इतकी मागे का राहतात?

आता जे सांगावयाचे आहे ते आपल्याकडच्या शाळांच्या माहितीपत्रकांत आढळत नाही. ते वगळून हे चरित्र लिहिणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. ३१ मार्च १८९८ रोजी मारियांना मुलगा झाला, मारिओ. त्याचे वडील म्हणजे त्यांचे सहकारी डॉ. जुझेप्पे माँतेसानो. दोघांचा विवाह झाला नव्हता, पुढेही झाला नाही. त्या काळी ही गोष्ट उघड झाली असती तर त्यांचे सारे काम तेथेच थांबले असते. बाळाला रोमबाहेर खेड्यातील एका कुटुंबाच्या स्वाधीन करण्यात आले. १९०१ च्या सुमारास माँतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि मारियांनी ती शाळा सोडली. त्या मुलाला भेटायला जात, पण आपण त्याची आई आहोत हे सांगत नसत. मुलगा दुसऱ्या बाईच्या हातून जेवे, तिच्याच अंगावर झोपे. शेवटी आईच्या, म्हणजे रेनिल्डेंच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याजवळ राहायला आला. तरीही कित्येक वर्षे बाहेरच्या जगाला त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जात असे.

आम्ही येथे निवाडा करण्यास बसलेलो नाही. पण स्वतःचे मूल परक्या बाईच्या ओटीत ठेवून, मागे वळून न पाहता परतीची वाट धरणे म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मुले सांभाळणाऱ्या स्त्रीकडून त्यांनी पुढे ज्या अपेक्षा केल्या, त्यांच्या मुळाशी हे दुःख असावे, असे आम्हांला त्यांचे चरित्र वाचताना सतत वाटत राहिले.

रोममधील सान लोरेन्झो ही तेव्हा कष्टकऱ्यांची, अत्यंत दरिद्री वस्ती होती. एका बांधकाम संस्थेने तेथील पडक्या इमारती दुरुस्त करून त्यांत मजुरांची कुटुंबे वसवली. आईबाप सकाळी कामावर जात. मोठी मुले शाळेत. मागे उरत ती शाळेच्या वयाची न झालेली पोरे. ती दिवसभर जिन्यांतून धुडगूस घालीत, नव्याने रंगवलेल्या भिंती खरवडीत. संस्थेचे संचालक एदुआर्दो तालामो यांनी व्यवहारी हिशेब केला की भिंतींच्या डागडुजीवर जो पैसा जातो, तोच या मुलांना एका खोलीत सांभाळण्यावर खर्च करावा. थोडक्यात, ही शाळा प्रथम मुलांसाठी नव्हे, भिंतींसाठी निघाली! तिची जबाबदारी डॉ. माँटेसरींकडे आली. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत सुमारे पन्नास मुलांचे ‘कासा देई बांबिनी’ म्हणजेच बालकांचे घर सुरू झाले. रडवेली, भेदरलेली मुले आणि त्यांना सांभाळायला एक साधी, अध्यापनाचे रीतसर शिक्षण न घेतलेली तरुणी. डॉ. माँटेसरींना हे अशिक्षितपण खटकले नाही, उलट बरे वाटले. जुन्या पद्धतीने शिकवण्याची सवय नसलेली बाई त्यांना हवी होती. तिला त्यांनी शिक्षिका म्हटले नाही, संचालिका म्हटले.

या बालगृहाची नियमावली भिंतीवर लावलेली असे. वाचकांनी ती जरा लक्षपूर्वक पाहावी, अशी आमची विनंती आहे. फी नव्हती. पण मुलाला स्वच्छ अंगाने, स्वच्छ कपड्यांनी पाठवणे आईवर बंधनकारक होते. संचालिकेचा मान राखणे आणि मुलाच्या वळणाच्या बाबतीत तिला साथ देणे हेही बंधनकारक. आईने आठवड्यातून निदान एकदा संचालिकेला भेटून मुलाच्या घरच्या वागणुकीविषयी बोलावे आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. जे पालक हे पाळणार नाहीत, त्यांच्या मुलाची जागा जाऊ शकत असे. इथवर वाचून कोणाही पालकाला वाटेल की हे सारे ओझे आपल्यावरच टाकले आहे. पण त्याची दुसरी बाजूही होती. संचालिकेने त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, त्याच कुटुंबांच्या शेजारी बिऱ्हाड करून राहायचे होते. त्या वस्तीत रात्री उशिरा कोणाचे भांडण जुंपले, कोणाचे मूल तापाने फणफणले, कोणाची चूल पेटली नाही, हे तिला कळल्यावाचून राहत नसे. आईने कामावरून परतताना उघड्या दारातून डोकावावे आणि आपले मूल काय करीत आहे ते पाहावे, याला आडकाठी नव्हती. ही शाळा त्या चाळीची स्वतःची होती आणि बाईही चाळीचीच होती.

आज आपल्या कितीएक बालवाड्यांत पालकांना फाटकाबाहेरच थांबवले जाते. सुरक्षेची कारणे असतात आणि ती खरीही असतात. परंतु फाटकाआड काय चालते हे आईला दिसत नसेल, तर ती बाईंच्या इंग्रजीवरूनच त्यांची पारख करणार, त्यात तिचा दोष किती?

सान लोरेन्झोच्या मुलांना डॉ. माँटेसरींनी एके दिवशी नाक कसे शिंकरावे, हे दाखवले. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे पुसावे, हे अगदी गंभीरपणे, सावकाश. त्यांना वाटले, मुले हसतील. मुले हसली नाहीत. धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेंबडे म्हणून त्यांना रोज सगळे हिणवीत, दटावीत. पण नाक स्वच्छ कसे करावे, हे तोवर कोणी त्यांना शिकवलेच नव्हते. शिकवताना कोणी त्यांचा मान राखला, असा तो पहिलाच प्रसंग असावा. आम्हांला विचाराल, तर साऱ्या माँटेसरी पद्धतीतील सर्वांत मोठा धडा हाच. त्यासाठी परदेशातून एकही लाकडी साधन मागवावे लागत नाही.

साधने होतीच. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत बसवायचे लहानमोठे दट्टे, चढत्या आकाराचे मनोरे, रंगीत पट्ट्या. तीनेक वर्षांची एक मुलगी दट्टे काढून पुन्हा बसवण्यात इतकी रंगली, की तिच्याभोवती इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग गाढ झोपेतून उठावे तशी प्रसन्न होऊन ती थांबली. लहान मुलांचे चित्त एका जागी राहत नाही, या समजुतीला तेथे तडा गेला. साधने ठेवण्याचे कपाट संचालिका कुलूपबंद ठेवी. एकदा ते चुकून उघडे राहिले आणि मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढून काम सुरू केले. संचालिकेला ती चोरी वाटली. डॉ. माँटेसरींनी ओळखले की मुलांना आता निवड करता येऊ लागली आहे. तेव्हापासून उंच कपाटे गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी फडताळे आली.

लिहिणे-वाचणे मात्र डॉ. माँटेसरींच्या मनात नव्हते. इतक्या लहान मुलांना अक्षरे शिकवू नयेत, असे त्या काळच्या जाणकारांचे मत आणि त्यांचेही. आग्रह धरला तो आयांनी. त्यांतील बऱ्याचजणी स्वतः निरक्षर होत्या. मूल स्वच्छ राहू लागले, आपले आपण कपडे घालू लागले, शहाण्यासारखे बोलू लागले, हे त्या घरी पाहत होत्या. या बाईंच्या हाताखाली आपले मूल काहीही शिकेल, असा विश्वास त्यांना वाटू लागला होता. म्हणूनच त्यांनी अक्षरांची मागणी केली. डॉ. माँटेसरी आपल्या मतावर अडून बसल्या नाहीत. खरखरीत सँडपेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुले त्यांवरून बोटे फिरवू लागली. १९०७ च्या नाताळाच्या सुमारास एका मुलाने हातात खडू घेतला आणि कोणी न सांगता लिहू लागला. मग दुसरा, मग तिसरी. पुढे लिहिण्याचे वेडच लागले. घरोघरी जमिनीवर, दारांवर, अगदी पावाच्या कवचावरही अक्षरे उमटू लागली. शेवटी आयांनी नाइलाजाने कागद-पेन्सिल आणून दिली.

येथे एक बारकावा आहे. सान लोरेन्झोच्या आयांनी अक्षरे मागितली ती बाईंवर विश्वास बसल्यानंतर. आपण बहुधा उलट करतो. अक्षरे आधी मागतो आणि विश्वास कधी जमलाच तर मागाहून जमतो.

एका सुट्टीच्या दिवशी एक परदेशी राजदूत अचानक हे बालगृह पाहायला आले. शाळा बंद होती. अंगणात खेळणाऱ्या मुलांनी रखवालदाराकडून खोली उघडून घेतली, इतरांना बोलावले आणि संचालिकेवाचूनच नेहमीसारखी कामाला लागली. कोणतीही शिक्षिका हे ऐकून खट्टू होईल. डॉ. माँटेसरींच्या मते तेच तिचे खरे यश होते. बाईंची सावली पडली नाही तरी मुले काम करीत राहावीत, इतपत त्यांना उभे करणे हे तिचे काम. त्यासाठी शिक्षिकेने प्रथम स्वतःच्या अंतःकरणाची झाडाझडती घ्यावी आणि विशेषतः राग व अहंकार ही दोन पापे मुळापासून उपटावीत, असे त्या आपल्या ग्रंथांतून सांगत राहिल्या. मोठ्या माणसांसमोर आपला राग आवरला जातो, कारण ती उलट उत्तर देतात. मुलांसमोर तो मोकाट सुटतो, कारण ती उत्तर देऊ शकत नाहीत. पापनिवेदनाच्या तयारीला बसल्यासारखे हे विवेचन आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत असे क्वचितच वाचायला मिळते.

१९०८ साली मेस्सिना येथे महाभयंकर भूकंप झाला. त्यातील अनाथ मुलांना रोमच्या व्हिया जुस्ती येथील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या मठात आसरा मिळाला. या संघाची स्थापना १८७७ साली आपल्याच देशात, उटकमंड येथे झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. भयाने मुकी झालेली ती मुले, ना नीट जेवत, ना झोपत. त्या मठात माँटेसरी वर्ग सुरू झाला. स्वयंपाकघरात, बागेत, जेवणाच्या मेजावर मुलांना कामे मिळाली आणि ती हळूहळू माणसांत आली. शिक्षिकांचे प्रशिक्षणही त्याच मठात होऊ लागले. १९०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ तोवर नाना भाषांत पोहोचत होता. अमेरिका, इंग्लंड, स्पेन अशी आमंत्रणे येत गेली. त्या साऱ्या प्रवासाची जंत्री येथे देण्याचे कारण नाही.

बार्सेलोना येथील वास्तव्यात मात्र थोडे थांबले पाहिजे. तेथे त्यांनी लहान मुलांना उपासनेची ओळख करून देण्याचा प्रयोग केला. मुलांच्या उंचीचे मेज, छोटी वेदी, छोटी पात्रे. मुलांनी स्वतः गहू पेरला, द्राक्षवेली जोपासल्या आणि ते पीक वेदीवरच्या भाकरीपर्यंत व द्राक्षारसापर्यंत कसे पोहोचते, हे डोळ्यांनी पाहिले. शेतीवाडीत वाढलेल्या आमच्या जुन्या पिढीला यातला आनंद समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्या शिकवणीत मूळपापाला जागा नाही, असा आक्षेप काही कॅथोलिक पंडितांनी घेतला होता. दुसरीकडे १९१८ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना भेट देऊन आशीर्वाद दिला. पुढे १९५४ पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गोब्बी यांनी याच पायावर ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ उभे केले.

मुसोलिनीने आरंभी माँटेसरी शाळांना उचलून धरले आणि काही वर्षे त्यांनीही ती मदत घेतली. हे त्यांच्या चरित्रातील न शोभणारे पान आहे. पण मुलांना राज्याचे शिपाई बनवण्याशी त्यांचे जमले नाही. १९३४ साली त्यांनी इटली सोडली आणि त्यांच्या शाळा तेथे बंद झाल्या. जर्मनीत नाझींनी त्याआधीच त्या बंद पाडल्या होत्या. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा बार्सेलोनाही सोडावे लागले. नेदरलँड्सने त्यांना आसरा दिला.

१९३९ साली वयाच्या ६९ व्या वर्षी त्या मारिओसह मद्रासला उतरल्या. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीचे जॉर्ज अरुंडेल व रुक्मिणीदेवी यांचे ते निमंत्रण होते. पहिल्याच अभ्यासक्रमाला देशभरातून सुमारे ३०० शिक्षक-शिक्षिका जमल्या. डॉ. माँटेसरी इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजी करून सांगत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघे शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. वृद्ध आईला अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली. मारिओला अटक करून अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. बाळपणी जो मुलगा त्यांनी दुसऱ्यांच्या हाती सोपवला होता, तो आता त्यांच्या हातून काढून घेतला गेला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला मुक्त करीत असल्याचे तिच्यात कळवले होते. सरकारी तारेत मारिओचा उल्लेख मुलगा म्हणून झाला होता.

युद्ध संपेपर्यंत त्या भारतातच राहिल्या. काही काळ कोडाईकनालच्या थंड हवेत त्यांनी मोठ्या मुलांसाठीचे काम केले. आपल्या देशात त्यांच्या हाताखाली हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. १९४६ साली त्या युरोपला परतल्या, पुढच्याच वर्षी पुन्हा आल्या आणि १९४९ पर्यंत त्यांचे येणे-जाणे चालू राहिले.

त्या येण्यापूर्वीच त्यांचे विचार मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले आणि १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९४५ साली ताराबाईंनी आमच्याच वसई धर्मप्रांताच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तेथून आला. महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे हाताशी घेतले. मुलांना न्हाऊ घातले, केस विंचरले. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी अडकून पडते म्हणून पाळणाघर काढले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा तेथे एकाच छपराखाली होती. मोलमजुरीला जाणाऱ्या वारली आईला माँटेसरी हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. संध्याकाळी परत येताना आपले तान्हे पोट भरलेले आणि न्हालेले सापडते, एवढे तिला कळत होते आणि तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा आणून सोडी. सान लोरेन्झोच्या आयांनीही पहिल्यांदा हेच पाहिले होते.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नूर्डविक या समुद्रकाठच्या गावी डॉ. माँटेसरी यांचे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. आफ्रिकेत शिक्षक-प्रशिक्षणासाठी जाण्याचा बेत तेव्हा चालू होता आणि त्याविषयी त्या मारिओशी बोलत होत्या. वय ८१ होते. तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. १९९० साली इटलीने १००० लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आणि युरो येईपर्यंत ते घराघरांतील पाकिटांत राहिले.

मागे ठेवण्यासारखी मालमत्ता त्यांच्याजवळ फारशी नव्हती. आपले सारे कार्य त्यांनी मृत्युपत्राने मारिओच्या हाती सोपवले. त्या मृत्युपत्रात मारिओचा उल्लेख पुतण्या किंवा दत्तक असा नाही. तेथे त्यांनी त्याला आपला मुलगा म्हटले आहे.